आत जायला दोन दाखले, बाहेर यायला एक घर

कोणताही गुन्हा न केलेल्या माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध बंद दाराआड ठेवण्याचा अधिकार सरकारला फार थोड्या कारणांसाठी मिळतो. मानसिक आजार हे त्यांतले सर्वांत जुने आणि सर्वांत कमी तपासले गेलेले कारण आहे. भारतात या अधिकाराला सलग कायदेशीर इतिहास आहे. १८५८, १९१२, १९८७ आणि २०१७ असे त्याचे चार टप्पे पडतात. प्रत्येक टप्प्यावर कायदेमंडळात, न्यायालयात आणि वैद्यकात एकाच प्रश्नावर वाद झाला: रुग्णाला सक्तीने दाखल करण्याचा हुकूम कोणी द्यायचा, दंडाधिकाऱ्याने, डॉक्टरने की नातेवाइकाने? हा प्रश्न महत्त्वाचा आहे, यात शंका नाही. पण या दीडशेहून अधिक वर्षांची कागदपत्रे, अहवाल आणि निकाल एकत्र ठेवून वाचले की दिसते ते असे: सर्वांत मोठा अन्याय दाखल करताना झालेला नाही, दाखल केल्यानंतर झाला आहे. आत नेण्याची वाट प्रत्येक कायद्याने बारकाईने आखली. बाहेर येण्याची वाट मात्र त्याने नातेवाइकांच्या मर्जीवर आणि अधिकाऱ्यांच्या सवडीवर सोडली. सक्तीच्या उपचाराचे समर्थन करायचे असेल किंवा त्याला विरोध करायचा असेल, तरी वादाचा केंद्रबिंदू दाखल होण्याच्या क्षणावरून पुढच्या दिवसांकडे आणि सुटकेकडे न्यावा लागेल, असे मला वाटते.

१८५७ चा उठाव मोडून काढल्यावर हिंदुस्थानचा कारभार कंपनीकडून राणीच्या सरकारकडे गेला, त्याच वर्षी, म्हणजे १८५८ मध्ये, वेडाविषयीचे तीन कायदे मंजूर झाले. त्या वर्षीच्या ३४ आणि ३५ क्रमांकाच्या कायद्यांचा संबंध प्रामुख्याने मालमत्तेशी होता: ज्याला आपला व्यवहार पाहता येत नाही, त्याच्या इस्टेटीचे काय करायचे? ३६ क्रमांकाचा कायदा वेड्यांच्या इस्पितळांचा होता. रस्त्यावर भटकणारा, वेडा वाटणारा किंवा वेडामुळे धोकादायक वाटणारा माणूस पोलिसांनी पकडावा, दंडाधिकाऱ्यापुढे उभा करावा, दंडाधिकाऱ्याने वैद्यकीय अधिकाऱ्याच्या मदतीने त्याला तपासावे आणि खात्री पटली की इस्पितळात पाठवण्याचा हुकूम द्यावा, अशी त्याची रचना होती. तीनही कायदे शेजारी ठेवले की सरकारची काळजी कशाची होती ते कळते. श्रीमंताच्या वेडात इस्टेटीची काळजी होती, गरिबाच्या वेडात रस्त्यावरच्या शांततेची. रुग्ण बरा कसा होईल, हा विचार तिथे दुय्यम होता. असे इस्पितळ म्हणजे तुरुंग आणि धर्मशाळा यांच्या मधली काहीतरी जागा होती.

त्या काळी मुंबई इलाख्यात कुलाबा, पुणे, रत्नागिरी, धारवाड, अहमदाबाद आणि सिंधमधले हैदराबाद अशा ठिकाणी वेड्यांची इस्पितळे होती. रत्नागिरीचे १८८६ मधले. १९०१ मध्ये ठाण्याला नौपाड्यात नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाचे इस्पितळ उभे राहिले आणि पुढे येरवड्याचे मोठे इस्पितळ झाले. मध्य प्रांतातले नागपूरचे इस्पितळ त्याही आधीचे. आज महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर येथे जी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, त्यांची मुळे अशी वसाहतकाळात आहेत. मराठी घरांत कित्येक पिढ्या या गावांची नावे धाकासारखी वापरली गेली, कारण तिथे गेलेला माणूस परत येतोच असे नाही, हे लोकांना ठाऊक होते. लोकांची ती समजूत अज्ञानातून आलेली नव्हती. अनुभवातून आलेली होती.

आत गेलेल्या माणसाच्या नावापुढे काय लिहिले जात होते, हे जवळून पाहण्याची संधी एका अनपेक्षित चौकशीने दिली. गांजा, भांग आणि चरस यांचे परिणाम तपासण्यासाठी सरकारने १८९३ मध्ये एक आयोग नेमला. गांजामुळे वेड लागते, असा समज त्या काळी पक्का होता आणि त्याला पुरावा म्हणून इस्पितळांच्या वार्षिक तक्त्यांकडे बोट दाखवले जाई. आयोगाने एक साधे पण कष्टाचे काम केले. १८९२ या एका वर्षात ब्रिटिश हिंदुस्थानातल्या २४ इस्पितळांत जे १,३४४ लोक दाखल झाले, त्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे वेडाचे कारण म्हणून गांजा किंवा तत्सम अंमली पदार्थ लिहिलेला होता. आयोगाने ही प्रकरणे मुळापासून पुन्हा तपासायला लावली. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, गावच्या लोकांना विचारले. तपासाअंती अशा पदार्थांशी काही संबंध जोडता येईल अशी प्रकरणे फक्त ९८ उरली, आणि त्यांतही अनेकांत दुसरी कारणे मिसळलेली होती. बाकीच्यांच्या कागदावर गांजा कसा आला? रुग्णाबरोबर येणाऱ्या वर्णनपत्रात ‘वेडाचे कारण’ असा एक रकाना होता. तो बहुतेक वेळा पोलीस भरत. कारण माहीत नसले तरी रकाना रिकामा सोडायचा नसे. माणूस गांजा ओढतो असे कोणी सांगितले, किंवा तो ओढत असावा असे वाटले, की तेच कारण ठरे. इस्पितळातला कारकून ते तक्त्यात उतरवी, वार्षिक अहवालात त्याचा आकडा होई आणि त्या आकड्यावरून धोरण ठरे.

या प्रकरणाचा धडा गांजापुरता नाही. पोलीस ठाण्यात एका शिपायाने घाईत लिहिलेला शब्द त्या माणसाच्या आयुष्याला कायमचा चिकटला, कारण त्यानंतर तो शब्द पुन्हा तपासण्याचे काम कोणाकडेच सोपवलेले नव्हते. चूक दाखल करताना होते, हे मान्य. माणसे चुकणारच. पण ती वर्षानुवर्षे टिकते ती फेरतपासणी नसल्यामुळे. आयोग नेमला गेला म्हणून २२२ माणसांच्या कागदांकडे कोणीतरी दुसऱ्यांदा पाहिले. एरवी ते कोणी पाहिले नसते.

१९१२ चा इंडियन ल्युनसी ॲक्ट इंग्लंडमधल्या १८९० च्या कायद्याच्या धर्तीवर आला आणि त्यात दाखल करण्याच्या प्रक्रियेवर पुष्कळ मेहनत घेतलेली दिसते. पती, पत्नी किंवा नातेवाइकाने दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. अर्जदाराने त्या माणसाला अर्जाआधीच्या १४ दिवसांत स्वतः पाहिलेले असले पाहिजे. सोबत दोन वैद्यकीय दाखले हवेत आणि त्यांतला एक राजपत्रित वैद्यकीय अधिकाऱ्याचा हवा. दाखल्याच्या छापील नमुन्यात डॉक्टरने दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहायच्या: वेडाची जी लक्षणे मी स्वतः पाहिली ती, आणि जी मला इतरांनी सांगितली ती. ऐकीव आणि पाहिलेले यांची गल्लत होऊ नये, ही दक्षता आजही कौतुकास्पद वाटते. मग दंडाधिकारी ‘रिसेप्शन ऑर्डर’, म्हणजे दाखल करून घेण्याचा हुकूम, काढी. दुसरा मार्ग पोलिसांचा. भटकणाऱ्या माणसाला ठाणेदार पकडू शके, आणि धोकादायक वाटणाऱ्याला पकडणे त्याच्यावर बंधनकारक होते. स्वतःहून उपचार घेऊ इच्छिणाऱ्यासाठीही एक लहानशी सोय या कायद्यात होती, पण इस्पितळांची खरी भरती हुकमांनीच होत राहिली.

याच कायद्यातला सुटकेचा भाग वाचला की चित्र पालटते. प्रत्येक इस्पितळासाठी किमान तीन अभ्यागत नेमायचे, त्यांत एक तरी वैद्यकीय अधिकारी असावा, आणि त्यांनी महिन्यातून एकदा एकत्र पाहणी करावी, असे कलम होते. पण तुरुंगांचा महानिरीक्षक आपल्या पदामुळेच या प्रत्येक इस्पितळाचा अभ्यागत असे. रुग्णाला सोडावे की नाही हे पाहणाऱ्यांत तुरुंगखात्याचा प्रमुख बसलेला आणि स्वतः रुग्णाच्या वतीने बोलणारा कोणी नाही, अशी ती रचना होती. आणखी एक मार्ग नातेवाइकाचा होता. आपण याची काळजी घेऊ आणि तो कोणाला इजा करणार नाही, अशी हमी त्याने दिली की रुग्ण घरी जाऊ शके. वरवर पाहता हे शहाणपणाचे वाटते. पण ज्या माणसाला घरच्यांनीच आत पाठवले, किंवा जो पोलिसांना अनोळखी गावात सापडला, त्याची हमी कोण देणार? ठरावीक मुदत संपली की कोठडीचे समर्थन नव्याने करावेच लागेल, असे बंधन सरकारवर नव्हते. माणूस आत असणे हीच नेहमीची स्थिती ठरली आणि बाहेर जाण्यासाठी खटपट करण्याचा भार त्याच्यावर, म्हणजे ज्याच्या शब्दाला किंमत उरलेली नव्हती अशा माणसावर, येऊन पडला.

१९२० च्या दशकात या संस्थांची नावे बदलून ‘मेंटल हॉस्पिटल’ झाली. आतले जग फारसे बदलले नाही, याची साक्ष १९४६ मध्ये भोर समितीच्या अहवालाने दिली. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील या समितीसाठी कर्नल मूर टेलर यांनी देशातल्या मनोरुग्णालयांची पाहणी केली होती. बहुतेक रुग्णालये कालबाह्य झाली आहेत आणि त्यांची बांधणी उपचारासाठी नसून माणसांना सुरक्षित कोंडून ठेवण्यासाठी केलेली आहे, हा त्यांचा निष्कर्ष होता. सुमारे ४० कोटी लोकसंख्येच्या देशात तेव्हा मनोरुग्णांसाठी जेमतेम दहा हजार खाटा होत्या. एवढ्या थोड्या खाटा असताना त्या वर्षानुवर्षे त्याच माणसांनी अडवलेल्या असतील, तर नव्याने आजारी पडलेल्याला जागा कुठून मिळणार? सुटकेचा प्रश्न फक्त आत असलेल्याच्या स्वातंत्र्याचा नसतो. बाहेर उपचारासाठी ताटकळणाऱ्याचाही असतो. कायदा बदलावा म्हणून भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९५० च्या सुमारासच मसुदा तयार केला होता. प्रत्यक्षात १९१२ चा कायदा १९९३ पर्यंत लागू राहिला. संविधान येऊन चार दशके लोटली तरी मनोरुग्णाला मात्र साम्राज्याचाच कायदा लागू होता.

दुसरा मार्ग शक्य होता, हे त्याच काळात अमृतसरने दाखवले. तिथल्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या घरच्यांना रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून राहू दिले. आई, भाऊ, नवरा रुग्णाजवळ राहत, त्याला जेवू घालत, डॉक्टर काय करतात ते पाहत आणि हा आजार बरा होऊ शकतो हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून त्याला घेऊन गावी परतत. यात नवे औषध नव्हते की नवा कायदा नव्हता. माणसाला आत घेतानाच त्याच्या परतीची व्यवस्था सोबत घेतली गेली होती. तुटलेले नाते पुढे जोडणे कठीण जाते. ते तुटूच न देणे सोपे असते. हा प्रयोग देशातल्या मनोविकारतज्ज्ञांना माहीत होता, नावाजलाही गेला, पण सरकारी रुग्णालयांची सर्वसाधारण रीत मात्र झाला नाही.

रीत काय होती, ते १९८० नंतर न्यायालयांपुढे आले. १९८२ मध्ये वीणा सेठी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला आढळले की हजारीबागच्या तुरुंगात वेडे म्हणून ठेवलेले काही कैदी दोन-तीन दशके तिथेच आहेत, आणि त्यांतले काही बरे झाल्याची नोंद होऊनही वर्षे उलटली आहेत. आसाममधल्या एका आदिवासी माणसाची हकिगत याहून हादरवणारी आहे. १९५१ मध्ये दुखापतीच्या आरोपावरून त्याला अटक झाली आणि त्याला तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवण्यात आले. १९६७ मध्ये डॉक्टरांनी तो पूर्ण बरा असल्याचे कळवले. त्यावर त्याची सुटका झाली नाही. त्याला गुवाहाटीच्या तुरुंगात हलवण्यात आले. खटला कधी चाललाच नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने लक्ष घातल्यावर २००५ मध्ये, ५४ वर्षांनी, तो एक रुपयाच्या जातमुचलक्यावर सुटला. त्याला आत ठेवण्याचा दुष्ट हेतू कोणाचाच नव्हता. आज याला सोडायचे आहे, हे पाहण्याची जबाबदारी कोणा एकाची नव्हती, एवढेच घडले होते. पश्चिम बंगालमध्ये तर कोणताही गुन्हा दाखल नसलेल्या मनोरुग्णांना ‘सुरक्षित ताबा’ या नावाखाली तुरुंगांत ठेवले जाई. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी हा विषय सर्वोच्च न्यायालयात लावून धरला आणि गुन्हा नसलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणे बेकायदा आणि घटनाबाह्य आहे, असा निर्णय १९९३ मध्ये आला.

त्याच वर्षी १ एप्रिलला १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा अखेर अमलात आला. स्वेच्छेने दाखल होण्याला त्याने मोठी जागा दिली, रुग्णाला अपमानास्पद किंवा क्रूर वागणूक देण्यास मनाई केली. पण त्याने एक नवी वाटही उघडली. ‘विशेष परिस्थिती’त नातेवाईक किंवा मित्राचा अर्ज आणि दोन वैद्यकीय दाखले एवढ्यावर, दंडाधिकाऱ्याकडे न जाता, माणसाला ९० दिवसांपर्यंत ठेवता येऊ लागले. कोर्टकचेरीतून घरच्यांची सुटका व्हावी हा हेतू चांगला होता. मात्र घरचे लोक नेहमीच रुग्णाच्या हिताचेच बघतात, हे यात गृहीत धरलेले होते. नवऱ्याशी, सासरशी किंवा वारसाहक्काशी वाद असलेल्या बाईसाठी हे गृहीतक घातक ठरू शकत होते. तिच्या रागाला, रडण्याला, घर सोडून जाण्याला लक्षण म्हणणे फार सोपे होते. आईवडिलांनी प्रौढ मुलीला तिच्या इच्छेविरुद्ध उचलून मनोरुग्णालयात नेल्याचे एक प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा २०१८ मध्ये न्यायालयाने ती कारवाई बेकायदा ठरवून भरपाईचा आदेश दिला.

या कायद्याच्या काळातली सर्वांत भीषण घटना मात्र रुग्णालयात घडली नाही. तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडीचा दर्गा आहे. मनोविकार बरा व्हावा म्हणून दूरदूरचे लोक तिथे रुग्णांना आणत, आणि त्यांना ठेवून घेण्यासाठी आसपास खासगी ‘होम’ उभी राहिली होती. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे अशाच एका ठिकाणच्या झापांच्या शेडला आग लागली. आतली माणसे साखळदंडांनी बांधलेली होती. त्यांना पळता आले नाही. त्या दिवशी २५ जण होरपळून मेले आणि मृतांची संख्या पुढे २८ झाली. त्यांना तिथे कोणत्याही दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने ठेवलेले नव्हते. बहुतेकांना घरच्यांनीच आणून सोडले होते, थोडे पैसे देऊन, थोड्या आशेवर. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि परवाना नसलेली अशी ठिकाणे बंद करण्याचे आदेश निघाले. पण एरवाडीने एक गोष्ट स्पष्ट केली. सक्ती फक्त सरकार करते असे नाही. जिथे उपचार मिळत नाहीत तिथे कुटुंब सक्ती करते, आणि ती कोणत्याही कागदावर नसल्यामुळे तिला मुदतही नसते.

भारताने २००७ मध्ये अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार स्वीकारला आणि त्याच्याशी सुसंगत कायदा करणे भाग पडले. तो म्हणजे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, जो मे २०१८ पासून लागू झाला. रुग्णाच्या इच्छेविरुद्ध दाखल करण्यासाठी आता त्याने नेमलेल्या किंवा कायद्याने ठरवलेल्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज लागतो. दोन तज्ज्ञांनी, त्यांतला एक मनोविकारतज्ज्ञ, रुग्णाला स्वतंत्रपणे तपासावे लागते, तेही दाखल करण्याच्या दिवशी किंवा त्याआधीच्या सात दिवसांत. नुसता आजार पुरेसा नाही. रुग्णाने स्वतःला इजा करण्याचा अलीकडे प्रयत्न केलेला असला किंवा धमकी दिलेली असली पाहिजे, किंवा इतरांशी हिंसक वागलेला असला पाहिजे, किंवा इजेचा धोका निर्माण होईल इतपत स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ असला पाहिजे. मुदत ३० दिवसांची. दाखल केल्याची खबर पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत, आणि स्त्री किंवा अल्पवयीन रुग्ण असेल तर तीन दिवसांतच द्यावी लागते. ३० दिवसांनंतर ठेवायचे तर मंडळाची परवानगी हवी, तीही आधी ९०, मग १२० आणि पुढे १८० दिवसांच्या टप्प्यांनी. या मंडळाचा अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश दर्जाचा असतो, आणि त्यात मानसिक आजार अनुभवलेल्या व्यक्तींना, त्यांची काळजी घेणाऱ्यांना किंवा त्यांच्या संघटनांच्या प्रतिनिधींना दोन जागा आहेत. १९१२ मध्ये जिथे तुरुंगांचा महानिरीक्षक बसत होता, तिथे आता हा आजार भोगलेला माणूस बसू शकतो. या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत मोठा बदल आहे, कारण कोठडीचे समर्थन पुन्हापुन्हा करण्याचा भार प्रथमच तिच्या बाजूने बोलणाऱ्यांवर आला.

व्यसनाचा प्रश्नही याच कायद्यात येतो. दारू आणि अंमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था त्याच्या व्याख्येत आहेत. म्हणजे दारू सुटत नाही एवढ्यावरून कोणालाही गाडीत घालून व्यसनमुक्ती केंद्रात डांबता येत नाही. वर सांगितलेल्या सगळ्या अटी तिथेही लागू होतात. दारूने घराची राखरांगोळी झालेल्या कुटुंबाला हे जाचक वाटेल, हे मी समजू शकतो. पण या बाबतीत महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभव बोलका आहे. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केले, ते येरवडा मनोरुग्णालयाच्याच आवारात. ज्या आवाराचे नाव लोक बंदिवासाशी जोडत, तिथे गटचर्चा, समुपदेशन आणि कुटुंबाचा सहभाग यांवर उभे राहिलेले काम वाढले. व्यसन सोडणे हे रोज नव्याने करायचे काम असते, आणि ते माणसाने स्वतः करावे लागते. सक्तीने त्याचे शरीर काही दिवस दारूपासून दूर ठेवता येते. पुढच्या वर्षांची उमेद सक्तीने देता येत नाही.

सक्तीला अटी आणि मुदती हव्यात आणि सुटकेची वाट खुली हवी, या भूमिकेवर तीन बाजूंनी आक्षेप येतात आणि तिन्ही गंभीर आहेत. पहिला कुटुंबांचा आणि अनेक मनोविकारतज्ज्ञांचा. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात आपण आजारी आहोत हेच रुग्णाला पटत नाही, उपचार लांबले तर आजार मुरतो, आणि नामनिर्देशित प्रतिनिधी, आगाऊ निर्देश (आपल्यावर कसे उपचार व्हावेत हे आधीच लिहून ठेवणे), मंडळ असल्या सोपस्कारांत अडकून घरचे हतबल होतात. यात तथ्य आहे. म्हणूनच सक्तीने दाखल करण्याची तरतूद काढून टाकावी असे मी म्हणत नाही. परंतु कुटुंबांच्या हतबलतेचे मुख्य कारण कायद्याच्या अटींत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. देशात लाख लोकसंख्येमागे एकही मनोविकारतज्ज्ञ नाही. तालुक्याच्या ठिकाणी औषधे आणि समुपदेशन वेळेवर मिळाले असते तर ज्यांना पुढे सक्तीने न्यावे लागते, त्यांतल्या पुष्कळांवर ती वेळ आली नसती. अटी सैल केल्याने ही उणीव भरून निघणार नाही.

दुसरा आक्षेप उलट टोकाचा आहे. अपंगत्वाच्या आधारावर कोणालाही कोंडणे हाच भेदभाव आहे, सक्तीचा उपचार पूर्णपणे बंद करावा, असे अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराची अंमलबजावणी पाहणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीचे आणि अनेक रुग्ण-कार्यकर्त्यांचे म्हणणे आहे. या म्हणण्यामागे साखळदंडांचा, विजेच्या शॉकचा आणि विस्मृतीत गेलेल्या आयुष्यांचा इतिहास आहे, म्हणून ते आदराने ऐकले पाहिजे. पण गळफास घ्यायला निघालेल्या माणसाला थांबवायचे नाही, असा कायदा समाज स्वीकारणार नाही आणि स्वीकारूही नये. कायद्यातली सक्ती काढली तर ती नाहीशी होत नाही. ती एरवाडीसारख्या जागी, कोणाच्याही नजरेआड जाते. तिथे तिला ना दोन दाखले लागतात ना मंडळ. तिच्यावर नजर ठेवायची असेल, मुदत घालायची असेल, तर ती कायद्याच्या आतच हवी.

तिसरा आक्षेप अमेरिकेचे उदाहरण देतो. १९५५ मध्ये तिथल्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक रुग्ण होते. पुढे नवी औषधे आली, १९६३ मध्ये समाजातच उपचार देणाऱ्या केंद्रांचा कायदा झाला, आणि १९७५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की धोकादायक नसलेल्या आणि बाहेर राहू शकणाऱ्या माणसाला नुसते डांबून ठेवता येणार नाही. रुग्णालये रिकामी झाली, पण ठरलेली केंद्रे पुरेशी उभी राहिली नाहीत. असंख्य रुग्ण रस्त्यांवर आणि तुरुंगांत गेले. लॉस एंजेलिस आणि शिकागोचे तुरुंग हीच आज मनोरुग्णांना ठेवणारी सर्वांत मोठी ठिकाणे मानली जातात. यावरून अनेक जण निष्कर्ष काढतात की सुटका सोपी केली की असेच होते. मला त्यातून वेगळे दिसते. अमेरिकेने दार उघडले आणि पलीकडे घर बांधले नाही. भारताने घर बांधले नाही आणि दारही उघडले नाही. दोन्हीकडे चुकले ते एकच.

म्हणून २०१७ च्या कायद्यातले सर्वांत महत्त्वाचे कलम दाखल करण्याविषयीचे नाही. ते १९ वे आहे. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, माणूस बेघर आहे किंवा समाजात राहण्याची सोय नाही, एवढ्याच कारणाने कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असे ते सांगते. अर्धवाट गृहे (रुग्णालय आणि घर यांच्या मधली निवासाची सोय) आणि आधार असलेली निवासस्थाने उभारण्याचे कर्तव्य याच कायद्याने सरकारवर टाकले आहे. हे कर्तव्य किती पाळले गेले? जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र सरकारला बजावावे लागले की बरे झालेल्या मनोरुग्णांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवणे थांबवा. याच महाराष्ट्रात कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने रस्त्यावर सापडलेल्या रुग्णांवर उपचार करून त्यांना देशाच्या कानाकोपऱ्यातल्या त्यांच्या घरी पोहोचवले आहे, आणि त्यासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तुटक्या आठवणींतून एखाद्या गावाचे नाव शोधून काढणे, तिथल्या पोलिसांशी, सरपंचाशी बोलणे, रुग्णासोबत प्रवास करणे, घरच्यांना औषधांचे वेळापत्रक समजावणे, असे हे चिकाटीचे काम आहे. एक संस्था ते करू शकत असेल, तर सरकारी यंत्रणेला ते अशक्य आहे असे म्हणता येणार नाही.

१८५८ पासूनच्या चार टप्प्यांतल्या कायद्यांनी दाखल करणाऱ्या हातावर हळूहळू अधिकाधिक बंधने घातली, आणि ती टिकली पाहिजेत. पण पुनर्विलोकन मंडळे वेळेवर बसत नसतील, डिस्चार्जचे नियोजन दाखल झाल्या दिवसापासून होत नसेल आणि जाण्यासाठी जागाच नसेल, तर ३० आणि ९० दिवसांच्या मुदती कागदावरच राहतील. ज्या सरकारने आजाराच्या कारणावरून माणसाचे स्वातंत्र्य काढून घेतले, त्याच्यावर त्या माणसाच्या परतीचे ऋण चढते. प्रत्येक मनोरुग्णालयाने किती जणांना सक्तीने दाखल केले, त्यांतले किती जण किती दिवसांत बाहेर पडले, बरे होऊनही किती आत राहिले आणि का, याचा हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा. अर्धवाट गृहांसाठी राज्याच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद असावी आणि ती खर्च झाली की नाही ते विधिमंडळाने विचारावे. सक्तीचा अधिकार हवा असेल तर हा हिशेब द्यावाच लागेल. तो देण्याची तयारी नसलेल्या सरकारला कोणाच्याही दारात रुग्णवाहिका उभी करण्याचा नैतिक हक्क उरत नाही.